कुटुंबासकट परदेशी जाताना: पैसा, घर, मुलांची शाळा... तुमचे अनुभव लिहा

रंकाळाकाठ
भाच्याला जर्मनीत नोकरी लागली. काल त्याच्या बायकोबरोबर लेकीचा दाखला काढायला शाळेत गेले होते. क्लार्कबाईंनी विचारलं, शाळा सोडण्याचं कारण काय लिहू? ही पटकन म्हणाली, आईवडील परदेशी चाललेत. आमचाही तोच उन्हाळा डोळ्यांपुढे आला. मुलगा तिसरीत गेलेला, मुलगी कडेवर, ह्यांना श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात नोकरी. भाचेसून मला रोज काहीतरी विचारते, आणि माझं उत्तर जर्मनीपुरतंच. तुम्ही सगळे वेगवेगळ्या देशांत जाऊन आलात, म्हणून धागा काढते.

माझं म्हणणं एवढंच की नोकरी एकाची असली तरी जातं अख्खं घर, त्यामुळे हिशेबही अख्ख्या घराचा मांडावा. पगार महिनाअखेर येतो आणि खर्च विमानातून उतरल्या दिवशी सुरू होतो. आम्ही निघण्याआधी सासऱ्यांच्या समोर बसून वहीत सगळं लिहिलं होतं. राजारामपुरीतल्या फ्लॅटचा हप्ता कुठल्या खात्यातून जाणार, घरफाळा-पाणीपट्टी कोण भरणार, चालू भिशीचे उरलेले हप्ते कोण देणार, मामंजींच्या औषधाचे पैसे कधी येणार. लाजत लाजत काढलेला विषय, पण त्या वहीमुळे नंतर घरात कधी वादाचा शब्द निघाला नाही.

घराचं सांगते. तिथं भाडं सांगतात ते नुसत्या भिंतींचं. हीटिंग, पाणी, कचरा वेगळा, वीज त्याहून वेगळी. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. आम्हाला हे शेजारच्या तुर्की काकूंनी सांगितलं, नाहीतर सगळे पैसे एकदम गेले असते. आणि बऱ्याच घरांत तयार स्वयंपाकघर नसतं! खोली असते, ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही, काही घरांत दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचं जुनं किचन विकत घेणं परवडतं.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. आता तर त्याला घरमालकाचं पत्रही लागतं. सगळं त्या कागदावर अडतं: कर क्रमांक, मुलांचा सरकारी भत्ता (२०२५ साली दर मुलामागे महिना २५५ युरो होता), शाळा. म्हणून सुरुवातीचं तात्पुरतं घर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, की नोंदणीसाठी पत्र देणार का. भत्त्याचा अर्जही लांबवू नका, मागचे सहाच महिने मिळतात.

शाळेबद्दल मात्र मन भरून लिहायचंय. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), कुणी रेआलशूलेला (दहावीपर्यंतची, पुढे बहुतेक कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). आमच्या मुलाला भाषा शिकायला मिळालं जेमतेम वर्षभर. गणितात तो वर्गात पुढे, पण गणिताचा प्रश्न वाचायलाच त्याला वेळ लागायचा. बाई चांगल्या होत्या, त्यांनी रेआलशूले सुचवलं. त्या रात्री हे गॅलरीत बसून राहिले. मीही आत रडले. दहा वर्षांच्या पोराचं ठरवून टाकलं असंच आम्हाला वाटलं. तसं नसतं, हे आज ठामपणे सांगते. तो दहावीनंतर तांत्रिक गिम्नाझियमला गेला आणि आता इंजिनिअरिंग करतोय. वाटा पुढे जोडलेल्या असतात. पण पोर तिसरी-चौथीत असेल तर आईबापांनी हे आधी माहीत करून घ्यावं आणि निघायच्या आधीच घरात जर्मन सुरू करावं. धाकटीला काहीच जड गेलं नाही, ती बालवाडीत भाषा बोलत बोलत मोठी झाली.

लिहा बाबांनो, मोठं लिहा.

शिरोलीवाला
ताई, एक नंबर धागा. दुबईचं सांगतो. तिथं भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. एक चेक, दोन, चार, कुणी बाराही घेतो. कमी चेकला भाडं जरा उतरतं. पण चेकबुकला खातं पाहिजे, खात्याला एमिरेट्स आयडी पाहिजे, आणि आयडी यायला दिवस लागतात. म्हणून पहिल्यांदा एकट्याने जा भावांनो, फर्निचरवाली खोली महिन्यावर घ्या, बायकोपोरं मागनं. रिकाम्या घराला साधारण ५ टक्के डिपॉझिट, दलाली वेगळी, लाइट-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला २,००० दिरहम. करार इजारीत, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवून घ्यायचाच.

शाळा फुकट नाही, हे डोक्यात ठेवून पगार ठरवा. कंपनी फी देणार का, किती पोरांची, कितवीपर्यंत, सगळं ऑफर लेटरवर लिहून घ्या. तोंडी "बघू नंतर" ऐकून निघू नका. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात, ब्रिटिशवाल्या सप्टेंबरला. तिथलं सरकार शाळांची तपासणी करून शेरा देत आलंय, तो वाचायला मिळतो.

आणि लग्नाचा दाखला! आमचं लग्न गावात झालेलं, नोंदणी केलीच नव्हती कुणी. आधी ती नोंदणी, मग मुंबईला मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग वकिलातीचा शिक्का. इतर बऱ्याच देशांना ॲपोस्टिल (परराष्ट्र खात्याचा शिक्का, वकिलातीत जावं लागत नाही) चालतं, यूएईला हाच लांबचा रस्ता.

दोन_पिल्लं
अगदी अगदी!! लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव सासरचं, पासपोर्टवर माहेरचं. रात्रंदिवस पळापळ. बायकांनो, सगळ्या कागदांवर एकच नाव आहे ना ते आज बघा. कुकर लागलाय, नंतर येते.

गुजरीची सून
मी हे वाचून घाबरूनच गेलो. आम्ही पुढच्या वर्षी निघतोय, अमेरिकेला. एवढं सगळं असतंय होय?

पन्हाळ्याचा वारा
@गुजरीची सून, घाबरू नका वहिनी. आम्ही न्यू जर्सीत नऊ वर्षं आहोत. तिथे सरकारी शाळा फुकट आणि ती तुमच्या पत्त्यावर ठरते. म्हणून उलट्या क्रमाने चाला: आधी शाळा बघा, मग त्या हद्दीत घर शोधा. नावनोंदणीला भाडेकरार आणि लाइट बिल मागतात. घरमालक क्रेडिट स्कोअर बघतो आणि नवीन माणसाचा तो नसतोच, तेव्हा कंपनीचं पत्र आणि बँकेतली शिल्लक दाखवायची तयारी ठेवा.

लसीचं कार्ड लॅमिनेट करून घ्या... नको, लॅमिनेट नको, त्यावर पुढच्या नोंदी करायच्या असतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, तिथे शाळेला लागते. ती इथेच देऊन निघालात तर सोपं. आणि टीबीची चाचणी मागितली तर रक्ताची करा. आपल्या पोरांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे वगैरे मागे लागतं. आमच्या थोरल्याचं तसंच झालं, बिचारं पोर शाळेच्या पहिल्या आठवड्यात घरीच बसलं.

गुजरीची सून
लय उपकार झाले दादा. कांजिण्यांची उद्याच विचारतो डॉक्टरांना.

हिशेबनीस
मी सीए आहे, शाहूपुरीत बसतो, म्हणून पैशाचं तेवढं.
परदेशी कायम नोकरीला गेलात की इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ (अनिवासींचं, इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करायचं. तिकडची कमाई इकडे पाठवायला एनआरई हे वेगळं खातं. एनआरईवरचं व्याज भारतात करमुक्त, एनआरओवरचं नाही. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही, मुदत वाढवताही येत नाही.
फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच समजावून सांगा. मालक अनिवासी झाला की भाड्यातून ३० टक्के कर आणि वर सेस कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूवर येते. रिटर्न भरून जास्तीचा कर परत मिळतो, पण भाडेकरूला माहीत नसतं आणि पुढे दोघांनाही नोटीस येते.
निवासी असताना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. ठरावीक रकमेच्या पुढे बँक आगाऊ कर गोळा करते, ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून ७ ची १० लाख रुपये झाली. मर्यादा माणशी आहे, नवरा-बायको दोघांची वेगवेगळी.

ऊसकरी
सायेब, आमची करवीर तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर हाय. पोरगा कॅनडाला गेला तर ती सोडावी लागती का? गावात एकजण तसं म्हणतोय, रात्रभर झोप न्हाई.

हिशेबनीस
@ऊसकरी, अजिबात नाही काका, निर्धास्त झोपा. असलेली शेतजमीन त्याला ठेवता येते, वारसानेही मिळते. अनिवासी असताना नवीन शेतजमीन तेवढी विकत घेता येत नाही.

ऊसकरी
देव पावला. आता त्याच्या आईला सांगतो.

आजोबा शिवाजी पेठ
माझी दोन्ही मुले बाहेर आहेत. इथे राहणाऱ्यांच्या बाजूने चार शब्द. मुलाचे घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, कुलूपबंद. २०१९ च्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आकडे तेव्हापासून आम्ही रोज बघतो. किल्ली माझ्याकडे होती, पण मीच घरात अडकलेलो. शेजारच्या पोरांनी बोटीतून जाऊन वरच्या कपाटातली फाइल काढून आणली. त्या पोरांचे उपकार फेडता येणार नाहीत. घराची मूळ कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, घराचा विमा पुरासह घ्या, आणि एक किल्ली अशा माणसाकडे द्या जो त्याच गल्लीत राहतो.
मुलाने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवले होते. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकीट आले की उघडून ठेवून देऊ नये.
दर रविवारी नातवंडांशी बोलतो. मराठी बोलतात. सुनेचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

रंकाळाकाठ
आजोबा, वाचून गलबलून आलं. तुमच्यासारखे लोक इथे उभे आहेत म्हणून आम्ही तिकडे राहू शकलो.

कसबा बावडा
+१ आजोबा. त्या पोरांत मी पण होतो बहुतेक, आम्ही तिकडच्या बऱ्याच घरांतनं सामान काढलंय. नमस्कार करतो.

आजोबा शिवाजी पेठ
बाळा, घरी ये एकदा चहाला.

दोन_पिल्लं
आले परत. इंग्लंडचं लिहिते, आम्ही लीड्सला. व्हिसाच्या फीबरोबर आरोग्य अधिभार आधीच एकरकमी भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्याला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा-बायको दोन मुलं आणि तीन वर्षांचा व्हिसा धरला तर १०,८६६ पौंड, विमानात बसायच्या आधी! कंपनी हे कुणाचं भरणार, नोकरदाराचं की सगळ्यांचं, ते विचाराच. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला सोन्यावर कर्ज काढावं लागलं.
घराचं डिपॉझिट इंग्लंडमध्ये पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वार्षिक भाडं ५०,००० पौंडाच्या आत असेल तर) आणि मालकाने ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायचं असतं. घर सोडताना फार उपयोगी पडतं हे. उतरल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, गालिच्यावरचे डागसुद्धा.
शाळा पत्त्यावर, पण जवळची भरलेली असेल तर लांबची मिळते. थोरलीला दोन बसनं जावं लागायचं. प्रतीक्षा यादीत नाव लावून ठेवलं, दिवाळीनंतर जवळची मिळाली. धाकटा इथे बालवाडीत होता, तिथे चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरला थेट शाळेत.

मिसळकट्टा
विषय सोडून विचारतो, कांदा लसूण चटणी नेऊ देतात का? आईनं पाच किलो कुटलीय.

शिरोलीवाला
भावा पाच किलो!! शेजाऱ्यांना पण जेवायला बोलव मग.

रंकाळाकाठ
चटणी चालते, नीट सील करून चेक-इन सामानात ठेवा. पण युरोपात बाहेरून दूध आणि मटणाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, वाडीची बासुंदी सगळं इथेच खाऊन निघा.

मिसळकट्टा
तूप पण नाही 😭 आईला कसं सांगू

परत आलेली
आम्ही उलटा प्रवास केला म्हणून लिहिते. मुलगी सहावीत असताना कोल्हापूरला परत आलो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. लेक बोलायची छान, पण लिहिता एक अक्षर येत नव्हतं. वर्गात रडायची. बाईंनी रोज मधल्या सुट्टीत जवळ बसवून शिकवलं, असे शिक्षक मिळायला भाग्य लागतं. बाहेर जाताना पाठ्यपुस्तकं नक्की न्या, बालभारतीच्या साइटवर मोफतही मिळतात. रोज एक पान लिहून घ्या. परत यायचं ठरलेलं नसलं तरी घ्या, कारण परत यायचं कधी ठरतं ते आपल्याला विचारून ठरत नाही. आम्ही सासूबाईंच्या आजारपणात आलो.

दोन_पिल्लं
@परत आलेली, सासूबाई कशा आहेत आता?

परत आलेली
बऱ्या आहेत गं. काल अंबाबाईला चालत जाऊन आल्या.

गुजरीची सून
एक शेवटचं विचारतो. अंगावरचं सोनं नेलं तर परत आणताना इथं अडवतात का? सासूबाई म्हणतात सगळं ठेवून जा, आई म्हणते अडीअडचणीला जवळ असू दे.

हिशेबनीस
रोजच्या वापरातलं थोडं न्या, बाकीचं लॉकरला. जे नेणार त्याची सरकारमान्य मूल्यांकन करणाऱ्या सराफाकडून वजनासकट मूल्यांकनाची पावती घ्या, तुमचं तर घरच सराफांच्या गुजरीत, ते काम तासाभराचं. निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडे दागिने आणि पावती दाखवून निर्यात प्रमाणपत्र मागा. परत येताना तेच दाखवायचं. हे दागिने चेक-इन बॅगेत टाकू नका, दाखवावे लागतात. वेळ लागतो, म्हणून विमान दुपारचं असेल तरी त्याच सकाळी पोचणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसवर अवलंबून राहू नका, आदल्या दिवशीच मुंबई गाठा.