झूममध्ये २८ आहेच, तरी २८ एमएमची पॅनकेक घ्यावी का?

पायवाट:

नमस्कार मंडळी. कॅनन आर८ वापरतो, त्यावर आरएफ २४-१०५ एफ/४ एल ही झूम लेन्स कायमची बसलेली असते. लेन्सबद्दल काडीची तक्रार नाही, पण हल्ली कॅमेरा घरातच पडून राहतो, कारण सहज पाय मोकळे करायला निघालं तर एवढं धूड गळ्यात अडकवायचा कंटाळा येतो आणि मग जे काही दिसतं ते मोबाइलवर काढलं जातं, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की वाटतं अरे हा कॅमेऱ्यात हवा होता.

म्हणून आरएफ २८ एमएम एफ/२.८ एसटीएम ही पॅनकेक, म्हणजे अगदी पातळ लेन्स, डोक्यात घोळतेय. पण मन काही ठरत नाहीये. २८ तर माझ्या झूममध्ये आहेच, मिळतोय काय तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. वर लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि आर८ च्या बॉडीतही नाही, झूमला मात्र आहे. शिवाय मोबाइलचा मुख्य कॅमेराही साधारण याच अँगलचा असतो, मग वेगळं काय हाती लागणार? एकाने सांगितलं ३५ एफ/१.८ घे, पण ती ३०५ ग्रॅम आणि सहा सेंटीमीटरच्या वर लांब, म्हणजे मूळ प्रश्न तिथल्या तिथेच.

मी जास्त करून माणसं काढतो, चालताबोलता, घरात, रस्त्यावर. लँडस्केप क्वचित. ज्यांनी छोटी वाइड प्राइम (झूम न होणारी लेन्स) खरंच वापरलीये त्यांनी सांगा, नुसते स्पेक्स मीपण वाचलेत.

काचवेडा:

स्पेक्स नकोत म्हणालात तरी दोन आकडे सांगतोच कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. आर८ बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम, २४-१०५ एल ७०० ग्रॅम, झाले ११६१. २८ ची १२० ग्रॅम, म्हणजे एकूण ५८१, बरोबर निम्मं. पण खरं सांगायचं तर वजनापेक्षा लांबी जास्त जाणवते. झूम बॉडीच्या पुढे जवळजवळ ११ सेंटीमीटर येते, ही अडीच सेंटीमीटरसुद्धा नाही, त्यामुळे कॅमेरा साध्या खांद्याच्या पिशवीत पाकीट-किल्ल्यांच्या शेजारी सपाट बसतो, वेगळी कॅमेरा बॅग लागत नाही. कॅमेरा घरी राहतो तो त्या बॅगेमुळे, माझं तरी हेच मत आहे.

आता तो एक स्टॉप. एफ/४ ला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ३२०० लागेल, किंवा शटर १/६० सेकंदाच्या जागी १/१२५ मिळेल. माणसं हलतात त्यामुळे हा दुसरा फायदा मोठा. बॅकग्राउंड ब्लरची आशा मात्र आत्ताच सोडून द्या, नंतर वाईट वाटायला नको. फोकल लेंथला एफ-नंबरने भागा म्हणजे लेन्सचं भोक खरं किती मोठं ते कळतं: २८ भागिले २.८ म्हणजे १० मिमी. ३५ एफ/१.८ चं येतं १९ मिमीच्या वर आणि तुमच्या झूमचं १०५ ला एफ/४ वर २६ मिमी. म्हणजे चेहरा पुढे आणि मागचं सगळं विरघळलेलं असा फोटो हवा असेल तर तुमची झूमच जास्त चांगला देते. २८ एफ/२.८ वर माणसाच्या मागचं दुकान, भिंत, झाड सगळं ओळखू येतं, फक्त किंचित मऊ होतं. मला ते आवडतं कारण माणूस कुठे उभा होता ते फोटोत राहतं, पण ही आवड आहे, सगळ्यांची नसते.

मोबाइलचं म्हणाल तर अँगल सारखाच, पण सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा आणि डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडर. खिडकीपाशी बसलेलं माणूस घ्या, अर्धा चेहरा उजेडात अर्धा सावलीत. मोबाइल अनेक फ्रेम जोडून सावली उजळतो आणि चेहरा सपाट करून टाकतो, आर८ च्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये सावली किती ठेवायची ते तुम्ही ठरवता. हा फरक मला रोजच्या फोटोत दिसतो, फक्त मोठ्या प्रिंटमध्ये नाही.

उन्हाळी_सावली:

घ्या. झूमशी तुलनाच चुकीच्या जागी चाललीये, ही लेन्स मोबाइलच्या जागी येणार, झूमच्या नाही.

तिपाई:

मी थोडं उलट बोलणार आहे, रागावू नका कुणी.

स्टॅबिलायझेशन नसण्याचा मुद्दा वर सगळ्यांनी हळूच ओलांडलाय. २४-१०५ एल ला कॅननच्या रेटिंगप्रमाणे ५ स्टॉप आयएस, म्हणजे स्टॅबिलायझेशन आहे. कागदावरचे ५ जाऊ दे, ३ धरा, तरी २८ ला १/३० च्या जागी १/४ सेकंदाला हातात धरून फोटो निघतो. म्हणजे संध्याकाळची इमारत, रिकामी गल्ली, जिना, मंद उजेडातली खोली, जिथे काही हलत नाही तिथे एफ/४ ची झूम ही एफ/२.८ च्या प्राइमला सरळ मागे टाकते, तीन स्टॉप इकडे आणि एक स्टॉप तिकडे. प्राइमचा फायदा फक्त समोरचं हलत असेल तेव्हाच. "रात्रीसाठी फास्ट प्राइम घ्या" हे वाक्य जो तो डोळे मिटून म्हणतो आणि घेणाऱ्याला कळतच नाही की आपण रात्री काढतो काय.

व्हिडिओ काढत असाल तर हा फरक अजून टोचेल. आर८ मध्ये डिजिटल स्टॅबिलायझेशन आहे पण ते कडा कापतं, म्हणजे २८ चं रुंदपण तिथे जातं, चालत काढलेला व्हिडिओ तरीही हिंदकळतोच.

तुम्ही माणसं काढता म्हणालात त्यामुळे तुमच्या बाबतीत पारडं प्राइमकडे झुकतं हे कबूल. पण लाइटवेट हवंय हाच एक निकष असेल तर रिकोह जीआर ३ पण बघा. २८ च्या अँगलची एफ/२.८ लेन्स, २५७ ग्रॅम, सेन्सर स्टॅबिलाइझ्ड, खरोखर पँटच्या खिशात मावतो. व्ह्यूफाइंडर नाही आणि सेन्सर एपीएस-सी, म्हणजे लहान, एवढं सोडायची तयारी पाहिजे.

पायवाट:

सगळ्यांचे आभार. तिपाई, हा मुद्दा माझ्या लक्षात अर्धाच आला होता, हलणारं आणि न हलणारं असं वेगळं करून बघितलं नव्हतं. व्हिडिओ काढत नाही. जीआर चांगलाच आहे पण व्ह्यूफाइंडरशिवाय मला जमत नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही.

अजून एक, कोपऱ्यांबद्दल बरंच उलटसुलट वाचलं. एवढ्या पातळ लेन्सचे कोपरे खराबच असणार असं एक म्हणतो, दुसरा म्हणतो सॉफ्टवेअर सगळं निस्तरतं. खरं काय?

भिंगकर:

दोन्ही अर्धं अर्धं खरं. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबड लावतो.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यामध्ये आरसा वरखाली व्हायला जागा लागायची. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी) माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी. आता २८ एमएमची लेन्स साध्या पद्धतीने बनवली तर तिची जागा येते सेन्सरपासून २८ मिमीच्या आसपास, म्हणजे नेमकी आरशाच्या वाटेत. त्यावर उपाय म्हणून पुढे अंतर्गोल भिंगांचा गट लावतात, त्याला रेट्रोफोकस म्हणतात, त्याने लेन्स मागे न सरकता रुंद बघू शकते पण लांबी आणि काच दोन्ही वाढतात. म्हणूनच कॅननची फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) एसएलआरवरची पॅनकेक ४० एमएमची होती, २०१२ ची ईएफ ४० एफ/२.८, जाडी २२.८ मिमी. २०१४ मध्ये तेवढ्याच जाडीत २४ एमएम आली पण ती फक्त क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरसाठी. आरएफ माउंटला आरसा नाही, अंतर २० मिमी, त्यामुळे २०२३ मध्ये फुल फ्रेमसाठी २८ एवढी पातळ करता आली.

पण भिंगं सेन्सरच्या इतकी जवळ आली की कोपऱ्यात प्रकाश तिरका पडतो, आणि ऍपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं असताना लेन्सची छोटी चौकट तो थोडा अडवतेही. म्हणून एफ/२.८ वर कोपरे काळवंडतात. अशा सगळ्याच पातळ वाइडचं हे असतं, कुणा एका कंपनीचं नाही. कॅमेरा जेपेगमध्ये आणि रॉ सॉफ्टवेअर प्रोफाइल लावून ते उजळतं आणि फोटो स्वच्छ दिसतो. पण उजळणं म्हणजे फुकट प्रकाश नव्हे हो! कोपरा दोन स्टॉप वर ओढला आणि फोटो आयएसओ ३२०० चा असला तर तो कोपरा नॉइजच्या (दाणेदारपणाच्या) बाबतीत १२८०० चा झाला. दिवसा काही कळत नाही, रात्रीच्या आकाशात लगेच कळतं. तारे काढायला ही लेन्स मी सुचवणार नाही.

शार्पनेसची भीती मात्र बाळगू नका. ८ भिंगं आहेत, त्यात ३ मोल्डेड प्लास्टिकची ऍस्फेरिकल (साध्या गोलाकार वक्राची नसलेली), आणि प्लास्टिक ऐकून नाक मुरडू नका, तसला आकार काचेत घासून काढणं महागात जातं म्हणून ती पद्धत आहे. मध्यभाग एफ/२.८ लाच उत्तम, कोपरे एफ/५.६ च्या आसपास सावरतात. आणि माणसांच्या फोटोत टोकाच्या कोपऱ्यात असतं काय? जमीन, आकाश, भिंत. मी तिथे वेळ घालवत नाही.

फूटपाथ:

भिंगकर +१. मी वापरण्याबद्दल लिहितो.

२८ हे ३५ पेक्षा थोडंसंच रुंद वाटतं पण उभं राहायची जागा बदलते. तीन मीटरवर २८ मध्ये साधारण ३.८६ मीटर रुंदी येते आणि ३५ मध्ये ३.०९. म्हणजे ३५ ने तीन मीटरवरून जी फ्रेम मिळते तीच २८ ने हवी असेल तर २.४ मीटरवर जावं लागतं. रस्त्यावर अनोळखी माणसाच्या बाबतीत हे अर्धं-पाऊण मीटर फार मोठं असतं. ज्याला माणसांच्या जवळ जायला आवडतं त्याला २८ भरभरून देतं, ज्याला लांबून गुपचूप काढायचंय त्याचे फोटो रिकामे येतात, मध्ये एक छोटा माणूस आणि चारी बाजूला रस्ता.

चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवू नका, ताणला जातो, डोकं आडवं पसरतं. ग्रुप फोटो काढताना तर हे पहिलं बघायचं, कडेची दोन माणसं थोडी आत घ्या आणि तुम्ही एक पाऊल मागे या. आणि एकट्याचा चेहरा अगदी जवळून काढला की नाक मोठं दिसतं, ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. कंबरेपासून वरचा फोटो, हात काहीतरी करतायत, मागे खोली दिसतेय, तिथे २८ खुलतं. टेबलावर वाकून चित्र काढणारं मूल घ्या. एका मीटरवरून जवळपास १.३ मीटर रुंदी येते, त्यात मूल, कागद, सांडलेले खडू, शेजारी डोकावणारं मांजर सगळं बसतं आणि तरी तुम्ही त्यांच्या जवळच असता. झूमने हेच काढलं तर तो एवढा मोठा डोळा वटारलेला बघून मूल चित्र सोडून तुमच्याकडेच बघायला लागतं. छोट्या लेन्सकडे लोक लक्ष देत नाहीत, याचं मोल माझ्या लेखी त्या एका स्टॉपपेक्षा कितीतरी जास्त आहे.

उन्हात एक करून बघा: एफ/८, आयएसओ ४००, शटर १/१०००, मॅन्युअल फोकस साधारण ३.३ मीटरवर. नेहमीच्या हिशेबाने १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं शार्प, ऑटोफोकसची वाट बघायचीच नाही. लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नाहीत, व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टी दिसते त्यावर लावायचं, आणि कॅमेरा बंद-चालू केला की फोकस जागेवर आहे ना ते परत बघून घ्यायचं.

नवखा_क्लिक:

मध्येच घुसतो. माझ्याकडे आर५० आहे, त्यावर ही चालेल का?

भिंगकर:

चालेल की. १.६ च्या क्रॉपने साधारण ४५ चा अँगल मिळेल, वाइड राहणार नाही, नॉर्मल होईल. काळे कोपरे क्रॉपमध्ये बरेचसे बाहेर जातात हा फायदा. पण घरातल्या छोट्या खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येईल, तेव्हा तुम्हाला वाइडच हवी असेल तर आरएफ १६ एफ/२.८ बघा, ती आर५० वर २६ च्या जवळ जाते, १६५ ग्रॅम. तिचं मूळ डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) बरंच आहे आणि कॅमेरा ते आपोआप सरळ करतो, एवढं माहीत असू द्या.

पायवाट:

फूटपाथ, मुलाचं आणि चित्राचं उदाहरण अगदी माझ्या घरातलं वाटलं. मी आत्ताच जुन्या फोटोंची फोकल लेंथ चाळून बघितली, बहुतेक सगळे २४ ला नाहीतर १०५ ला, मधलं फार कमी. म्हणजे २८ माझं नाहीच असं समजायचं का?

तिपाई:

नाही, त्यावरून काही ठरवू नका. झूम वापरणारा प्रत्येकजण दोन टोकांना जातो कारण रिंग तिथेच जाऊन थांबते. त्यातले २४ वाले फोटो उघडा आणि बघा किती ठिकाणी कडेची रिकामी जागा कापावीशी वाटते. बऱ्याच ठिकाणी वाटली तर २८ तुम्हाला रुचेल. उलट अजून मागे जायला हवं होतं असं वाटलं तर नाही रुचणार. आणि खर्च करायच्या आधी झूम २८ वर फिरवून रिंगला चिकटपट्टी लावा आणि तसेच थोडे दिवस हिंडा, वजन तेच राहील पण अँगल पटतो का ते कळेल.

घेतलीतच तर फिल्टर ५५ मिमीचा लागतो, झूमचे ७७ चे स्टेप-अप रिंग लावून चालतील पण मग पातळपणाचा उपयोग काय, त्यापेक्षा एक साधा ५५ चा घ्या. हूड (लेन्सच्या पुढे लावायची कड) वेगळा घ्यावा लागतो. तो मात्र घ्या, पुढचं भिंग बाहेरच्या कडेला अगदी लागून आहे, पिशवीत किल्ल्या असतात.