मदत हवी आहे: आईला आराम करणं कमीपणाचं वाटतं

आई ६७ वर्षांची, गुडघ्यांची झीज झालेली. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलीय, तरी धुणं हातानेच. मशीन आणलं, ते झाकून ठेवलंय. कामाला बाई लावली, तर ती यायच्या आत हिची भांडी घासून तयार. "मी काय बसून खाणारी आहे का?" हेच उत्तर. झोप, भूक ठीक; उदास नाही. समजावणं, रागावणं दोन्ही झालं. समुपदेशकाकडे ती येणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला तर मीच बोलेन. सोसण्यावरच ती स्वतःची किंमत ठरवते, आणि ते बघवत नाही. तिच्या कष्टांचा मान राखून, गुडघ्यांवर भार न येणारं कोणतं काम सोपवलं, तर घराला आपली गरज आहे असं तिला वाटत राहील? कुणाच्या घरी हे जमलंय का?