घर सावरणारं माणूस: तुमच्याकडे कोण होतं?

तेरणाकाठ:
परवा रात्री वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं आणि आई ताडकन उठून अंगणात. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. गणपती बोळवून गाव नुकतं निजलं होतं. आमचं किल्लारीचं घर दगड-मातीचं, वर माळवद. आजोबा आणि धाकटा काका त्याखाली गेले.

घर सावरलं मायनं, म्हणजे आजीनं. पत्र्याच्या शेडमध्ये कुणी कुणाशी बोलेना. तिनं कामं वाटून दिली. बाबांनी पाणी आणायचं, आईनं चूल, आम्ही पोरींनी दिवाबत्ती. शेजारी गेलेल्यांचं नावही काढू देत नव्हते. माय मात्र जेवताना मुद्दाम काकाच्या गोष्टी काढायची. कुणाला रडू आलं तर रडू द्यायची, मग भाकर वाढायची. नवं घर मिळाल्यावरही आम्ही बाहेरच निजायचो. तिनं कुणाला आत ओढलं नाही. ज्याची भीती गेली तो आत गेला.

तुमच्या घरचं लिहा.

आजोळ_सास्तूर:
मामा अजून उशाशी बॅटरी घेऊनच झोपतात. जास्त लिहवत नाही.

पाटणची सून:
आमच्या सासूबाईंनी 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिलाय. आजही धक्का बसला की आधी घरातली माणसं मोजतात, मग सगळ्यांना चहा. नातवंडांना त्या चहाचाच धीर.

विनय ठाणे:
तळियेची दरड, 22 जुलै 2021. आमचे पाहुणे तिथले. भाचा पाऊस लागला की गप्पच व्हायचा. दाजींनी शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं, समुपदेशक ताईंकडे नेलं. तिथं चित्रं काढता काढता बोलायला लागला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर जवळ ठेवा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मृणाल:
कुकर लावून लिहितेय. मायला कुणी विचारलं का, तू कशी आहेस? बाबा कोविडमध्ये गेले तेव्हा आईनं आम्हाला उभं केलं. आम्ही सावरलो आणि मग ती अंथरूण धरून बसली. शिट्टी झाली, येते.

तेरणाकाठ:
मृणाल, आईनं विचारलं होतं. माय शेतात एकटी जाऊन रडून यायची. आईच्या लक्षात आलं, तशी तीही रोज खुरपं घेऊन सोबत जायला लागली. सासू-सुनेचं खरं बोलणं तिथं सुरू झालं.

आजोळ_सास्तूर:
दिवाळीत मामांना घेऊन येऊ का मायकडे? ते तिच्याशी बोलतील असं वाटतं.

तेरणाकाठ:
या की. दुपारी या, सकाळी ती शेतात असते. आणि मोठ्यानं बोला, ऐकू कमी येतं तिला.