अनुभव धागा: पिणारा आणि व्यसनी, यातला फरक तुम्हाला कधी कळला?

परवा ऑफिसातल्या एका तरुण मुलाने बाजूला घेऊन विचारलं, "दादा, रोज किती प्यायली की माणूस दारुडा झाला म्हणायचं?" मी सोडून ११ वर्षं झाली हे त्याला माहितीय म्हणून मला विचारलं. मला आकडा सांगता आला नाही. सांगितला असता तर तो दुसऱ्या दिवसापासून त्या आकड्याच्या एक पेग खाली राहिला असता आणि निर्धास्त झाला असता, मी वर्षानुवर्षं तेच केलं.

माझे नियम सांगतो. घरी नाही प्यायची, फक्त बाहेर. मग फक्त शनिवारी. मग व्हिस्की बंद, फक्त बियर. मग रात्री आठनंतरच, आणि साडेसहापासून घड्याळाकडे बघत बसायचो, बायको काय बोलतेय ते कानावर पडायचं पण आत जायचं नाही. माझा मेहुणाही पितो, त्याला असा एकही नियम करताना मी बघितलं नाही, त्याला कधी गरजच पडली नाही. शेवटी शेवटी बाटली फ्लशच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, एकदा तर गव्हाच्या पिंपात. सकाळी दाढी करताना हात इतका थरथरायचा की गाल कापला जायचा, एक नाईन्टी मारली की हात स्थिर. त्या दिवसांत मजा म्हणून प्यायलेला एक घोटही आठवत नाही.

तुम्हाला कधी कळलं? स्वतःचं लिहा, घरच्यांचं लिहा. जे पितात आणि ज्यांना काही त्रास नाही त्यांनी पण लिहा, त्यांचं ऐकायला मिळत नाही.

—

मी सांगलीची. माझ्या घरात दोघं पिणारे होते त्यामुळे मला हा फरक रोज समोर दिसायचा पण कळायला १४ वर्षं गेली.

सासरे रोज रात्री जेवणाआधी एक पेग घ्यायचे, भाजलेले शेंगदाणे आणि बातम्या, पेग संपला की ताटावर. ३० वर्षं हेच. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले बंद करा, त्यांनी उरलेली बाटली शेजारच्या काकांना देऊन टाकली आणि विषय संपला. माझे मिस्टर मात्र दोन-दोन, तीन-तीन महिने हात लावायचे नाहीत. त्यामुळे माहेरी-सासरी सगळे मलाच म्हणायचे, तो रोज कुठे पितो गं, व्यसन असतं तर रोज नसता का प्यायला? पण एकदा सुरू झालं की आठ दिवस. अंघोळ नाही, जेवण नाही, पलंगाखाली क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला मित्रांनी आग्रहाने एक ग्लास बियर दिली. लग्न लागलं तेव्हा हे कुठे होते कुणालाच माहीत नव्हतं, तिसऱ्या दिवशी स्टँडवर सापडले.

आणि मी काय करायचे, तर त्यांच्या साहेबांना फोन करून "ताप आलाय" सांगायचे. मुलांनाही तेच सांगायला शिकवलं. ही गोष्ट मला अजून टोचते.

नंतर पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते. तिथे गेल्यावर समजलं की त्रास पंधराव्या पेगने होत नाही, पहिल्याने होतो. सासऱ्यांच्या पोटात पहिला पेग गेला की त्यांना भूक लागायची, यांच्या पोटात गेला की दुसरा हवा व्हायचा. तेव्हापासून घरात कुणी "एवढ्याने काय होतंय" म्हटलं तर मी सरळ उठून ग्लास उचलते, वाईट वाटलं तर वाटू दे.

—

वरच्या ताईंनी तीन महिन्यांचं लिहिलंय त्यावरून माझं सांगतो. मी दर वर्षी श्रावण पाळायचो. गटारीला पोटभर प्यायची आणि मग पार गणपती जाईपर्यंत थेंब नाही. गावात, भावकीत छाती ठोकून सांगायचो, बघा, मनात आणलं की सोडतो. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय चालायचं ते कुणाला सांगितलं नाही, आज लिहितो. कॅलेंडरवर रोज खूण करायचो. कुणी साधं बोललं तरी अंगावर जायचो, मुलगा पाढे म्हणत होता आवाज मोठा झाला म्हणून त्याला मारलं. आरती चालू असायची आणि मी मनात विसर्जनानंतर कुठल्या ढाब्यावर जायचं ते ठरवत असायचो. माझा चुलतभाऊ पण श्रावण पाळतो, एका वर्षी तर गणपती होऊन दिवाळी आली तरी त्याला आठवण नाही, मीच विचारलं अरे बसायचं नाही का, तर म्हणाला हो की, राहूनच गेलं. त्या "राहूनच गेलं" वर मी कितीतरी दिवस विचार करत होतो. मला असं राहून जाणं शक्यच नव्हतं.

आता माळ घातलीय, सात वर्षं झाली. पण नुसत्या माळेने नाही झालं, तालुक्याला डॉक्टरांच्या गोळ्या पण होत्या आणि एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंग पण, तेही सांगितलं पाहिजे.

—

मी सिस्टर आहे, १८ वर्षं मेडिसिन वॉर्डात. एकच गोष्ट लिहायला आले आणि कृपया नीट वाचा.

पाय मोडून एक पेशंट आले, पन्नाशीचे, चांगल्या नोकरीतले. दारू घेता का विचारलं तर बायको म्हणाली कधीतरी घेतात. पहिल्या दिवशी घाम आणि हात थरथर, आम्हाला वाटलं दुखतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चालतायत म्हणून ओरडत, मोडक्या पायाने पलंगावरून उतरायला निघाले. घरचे म्हणायला लागले बाहेरचं काहीतरी लागलंय. लागलं काही नव्हतं, रोजची दारू अचानक बंद झाली होती. मेंदूला तिची इतकी सवय झालेली असते की नसेल तर तो असा उसळतो, आणि यात माणूस जाऊ शकतो. खरं आधी सांगितलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी औषध सुरू केलं असतं आणि बी१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी दिलं असतं, ते राहिलं तर कायमचा विसराळूपणा येऊ शकतो.

म्हणून हात जोडून सांगते, रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, खोलीत कोंडून घरच्या घरी बंद करायला लावू नका. दवाखान्यात आणा. आणि किती पितो ते खरं सांगा, आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. दारू न मिळाल्याने ज्याचं शरीर बिघडतं त्याला हौसेने पिणारा म्हणता येत नाही, मग तो कितीही सभ्य असो.

—

मी पिते, कधीतरी, मैत्रिणींबरोबर वाईन. धाग्यात विचारलंय म्हणून लिहिते, माझा अर्धा ग्लास बऱ्याचदा टेबलावर तसाच राहतो, गप्पांत विसरते किंवा झोप येते. एकदा कॉलेजच्या ग्रुपमधला एक मित्र (आता सोबर आहे) निघताना त्या अर्ध्या ग्लासाकडे बघत म्हणाला, हे तू कसं करतेस? मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, मी आख्ख्या आयुष्यात ग्लासात सोडलेली नाही, दुसऱ्यांची उरलेली पण संपवायचो.

—

इंग्लंडमधल्या लीड्सहून लिहितोय, मूळचा औरंगाबादचा. इथे डॉक्टरकडे नाव नोंदवताना फॉर्म असतो, आठवड्याला किती युनिट घेता. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, आणि इथला सल्ला आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका असा. मी लिहिलं १०. घरी येऊन पहिल्यांदा हिशोब केला. आपली १८० मिलीची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एकीतच साडेसात युनिटच्या वर, रोज एक म्हटली तर आठवड्याला ५० च्या पुढे. मी तेवढीच घेत होतो. कामावर वेळेत, हप्ते वेळेत, एकदाही पडलो-झडलो नाही, त्यामुळे व्यसनी म्हणजे गटारात पडलेला माणूस, आपण नाही, हे पक्कं होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी चार साधे प्रश्न विचारले. कमी करायला हवी असं कधी वाटलं? कुणी त्यावर बोललं तर राग येतो? पिण्याबद्दल अपराधी वाटतं? सकाळी उठल्याउठल्या कधी लागली? मी तिसऱ्या प्रश्नाला रडलो. चौथ्याचं उत्तर नाही होतं आणि त्याच एका "नाही"ला मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.

—

बाई आहे म्हणून नाव-गाव काही सांगत नाही. मी चहाच्या मगमधून प्यायचे. मुलं शाळेत गेली की. नंतर वेलची चावायची. बाई पिते असं कुणाच्या मनातच येत नाही त्यामुळे मला पकडलं कुणीच नाही, मीच मला पकडलं, मुलीला डब्यात काय दिलं होतं ते संध्याकाळी आठवेना तेव्हा. मीटिंगला जायची हिंमत होत नाही, तिथे सगळे पुरुष असतील. आज १९ वा दिवस.

—

धागा काढणारा परत. १९ व्या दिवसाच्या ताई, डॉक्टरांना दाखवलंय ना, नसेल तर आधी ते करा. बायकांच्या वेगळ्या मीटिंग काही शहरांत होतात, ऑनलाईन पण असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. उद्या २० वा दिवस झाला की इथे नुसता आकडा टाका, आम्ही वाट बघतोय.

आणि त्या ऑफिसातल्या मुलाला मी हा धागा वाचायला दिला. तो अर्ध्या ग्लासापाशी थांबला. म्हणाला, दादा, शुक्रवारी मी बघितलं सोडून, नाही जमलं, उठून गेलो आणि परत येऊन संपवला. आकडा काही विचारला नाही या वेळी. रविवारी सकाळी दहाची मीटिंग आहे, मी जाणारच आहे, तो पण येतो म्हणालाय.