मालक सगळ्या ऑर्डरी व्हॉइस नोटवर सांगतात, लेखी कसं मागावं?

पूर्वभागकर:
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, चार वर्षं झाली. आमच्याकडं सगळं व्हॉइस नोटवर चालतंय, मालक गाडी चालवत बोलतात, अर्धं मराठी अर्धं तेलुगू, आणि मी शेडात एक कान बोटानं बंद करून दुसऱ्याला फोन दाबून ऐकायचं. गेल्या आठवड्यात 30 बाय 60 इंचाचे 600 पीस साडेचारशे जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन) होते, त्यातलं ‘साडे’ लूमच्या खडखडाटात गेलं आणि मी चारशेचा माल लावायला सांगितला. पॅकिंगला काट्यावर ठेवल्यावर कळलं, पीसमागं 58 ग्रॅम कमी. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “मी नीट सांगितलो होतो की.” नोट परत ऐकली, खरंच सांगितलेत. चूक माझी आहे पण असं परत होणार, म्हणून विचारायलोय. लिहून द्या म्हटलं तर उलट बोलल्यासारखं होईल का?

चादर_डिस्पॅच:
लिहून द्या म्हणूच नको भावा. नोट ऐकली की बाहेर ये, परत एकदा ऐक आणि तूच लिहून टाक, “मालक, 30 बाय 60, 450 (साडेचारशे), 600 पीस, लावू का?” आकडा अक्षरातपण लिही. निळ्या टिका आल्या म्हणजे हो म्हणाले असं धरू नको, त्यांचं ‘हो’ आल्याशिवाय लूम चालू करायचा नाही. आणि ऑर्डरीचा ग्रुप वेगळा कर, आमच्याकडं जानेवारीत गड्डा यात्रेच्या फोटोंखाली एक अख्खी ऑर्डर दबली होती.

सातरस्ता_ताई:
मालकांच्या बाजूनंपण बघा दादा. ज्यांच्या घरात तेलुगू, त्यांना मराठी बोलायला काही वाटत नाही पण टाईप करायचं म्हटलं की जीवावर येतं, माझ्या वडलांचं तसंच होतं. ते यंत्रमागावर होते, तिथं प्रत्येक मागाला एक पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर साईज, वजन, रंग. मास्तर सांगून जायचे पण पुठ्ठ्यावर लिहिल्याशिवाय वडील मागाला हात लावायचे नाहीत, आणि त्याचा कुणाला राग आला नाही. तुम्हीपण टांगा, कामगारालापण दिसतंय.

नवीपेठ:
2024 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपनं व्हॉइस नोट लिहून दाखवायची सोय जाहीर केली, पण मराठी-तेलुगू मिसळीत आकड्यासाठी तिच्यावर विसंबू नका, हातानंच लिहा.

पूर्वभागकर:
आज सकाळी नवीन ऑर्डरची नोट आली, तसंच लिहून टाकलं. दोन मिनटात मालकांचा फोन, मला वाटलं आता बोलणार. तर म्हणाले, “600 नाही रे, 800 पीस लिही, मीच चुकून बोललो.” ताई, पुठ्ठे दुपारीच कापून घेतलेत.