मदत हवी आहे : नेमका वादळी थंडीतच बंद पडणारा बॉयलर आणि तोवर घर उबदार ठेवण्याचे उपाय

आमच्या घरी भिंतीवर बसवलेला, गॅसवर चालणारा कंडेन्सिंग बॉयलर आहे. रेडिएटरमध्ये फिरणारे आणि नळाला येणारे गरम पाणी दोन्ही त्यातूनच मिळते. एरवी तो विनातक्रार चालतो. मात्र हिमवादळ आले, वारा सुटला आणि पारा शून्याच्या बराच खाली उतरला की तेव्हाच तो बंद पडतो. पडद्यावर ज्योत न पेटल्याचा एरर कोड दिसतो. रिसेटचे बटण दाबल्यावर कधी तो सुरू होतो, थोडा वेळ चालतो आणि पुन्हा थांबतो, तर कधी मुळीच दाद देत नाही. रस्ते बंद असल्यामुळे तंत्रज्ञ लगेच पोहोचू शकत नाहीत आणि ते येईपर्यंत वादळ ओसरून बॉयलर पुन्हा नीट चालू झालेला असतो. त्यांनी ज्वलन तपासले, ज्योत पेटवणारा आणि ओळखणारा इलेक्ट्रोड साफ केला, गॅसचा दाब पाहिला आणि सर्व काही व्यवस्थित असल्याचे सांगितले. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, कारण जो दोष त्यांच्या समोर येतच नाही तो त्यांनी शोधायचा तरी कसा? पण त्यामुळे प्रत्येक वादळाच्या आधी आमच्या मनावर दडपण येते.

घरात वयोवृद्ध सासूबाई आहेत आणि काही महिन्यांचे बाळ आहे. थंडीच्या दिवसांत घरातले तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. बॉयलर बंद पडल्यावर आमच्या घरातले तापमान त्याच्या बरेच खाली जाते. आम्हा दोघांना जाड कपड्यांवर निभावता येते, परंतु सासूबाईंना थंडी वाजते आहे हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळते आणि बाळाला तर सांगताही येत नाही.

लक्षात आलेल्या काही गोष्टी लिहिते. बंद पडण्याच्या थोडे आधी बॉयलरमधून पाणी गुडगुडल्यासारखा आवाज येतो. दाबमापकाचा काटा यंत्रणा थंड असताना १.२ बारच्या आसपास असतो आणि बिघाडाच्या वेळीही तो तेवढाच असतो. वादळात दिवे अधूनमधून मंद होतात, पण वीज पूर्णपणे गेलेली नसतानाही बॉयलर थांबलेला आहे.

हा दोष नेमका कोठे असू शकतो आणि पुढच्या वेळी तंत्रज्ञांना काय पाहायला सांगावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बॉयलर बदलण्याचा सल्लाही काहींनी दिला आहे. परंतु कारण कळल्याशिवाय एवढा खर्च करणे मला पटत नाही, कारण नवा बॉयलर त्याच भिंतीवर, त्याच पाइपांना जोडला जाईल आणि वारा व थंडी तीच राहील. त्याखेरीज, दुरुस्ती होईपर्यंत वादळाची एखादी रात्र सुरक्षितपणे कशी काढावी, हेही मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

तुम्ही उल्लेख केलेला गुडगुड आवाज हा मला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णताही वापरतो. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून निघालेला धूर सुमारे ५५ अंशांखाली थंड झाला की त्यातल्या वाफेचे पाणी होते आणि ते एका बारीक प्लॅस्टिकच्या पाइपातून बाहेर सोडले जाते. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून त्यासाठी तांब्याचा पाइप वापरत नाहीत. हा पाइप घराबाहेरून जात असेल तर कडाक्याच्या थंडीत त्यात थेंबाथेंबाने बर्फ साठतो, पाइप तुंबतो, पाणी उलटे बॉयलरमध्ये चढते आणि ज्वलनात अडथळा आला की यंत्र स्वतःला बंद करून घेते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की बर्फ वितळतो आणि तंत्रज्ञ येतात तेव्हा पुरावा वाहून गेलेला असतो. तुम्ही वर्णन केलेला सगळा क्रम याच्याशी जुळतो.

पुढच्या वेळी बॉयलर थांबला की हा पाइप बाहेर कोठून जातो ते पाहा. तो जमिनीवर उभे राहून हाताला येत असेल, तरच त्यावर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरून ठेवा. वळणे आणि पाइपाचे उघडे तोंड येथे बर्फ बहुधा आधी धरतो. उकळते पाणी वापरू नका, त्याने पाइप तडकतो. शिवाय खाली सांडलेले पाणी गोठून पाय घसरण्याचा धोका असतो, तेव्हा ते लगेच पुसून घ्या. वादळ जोरात असताना किंवा अंधारात शिडीवर मात्र कोणीही चढू नये.

रिसेट करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट न चुकता पाहावी, ती म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड. वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग साचून ते झाकले गेले असेल, तर तो बाजूला केल्याशिवाय बॉयलर सुरू करू नका. यंत्राने आपणहून बंद पडणे हे अशा वेळी संरक्षणच असते आणि पुनःपुन्हा बटण दाबून त्यावर मात करणे धोक्याचे आहे.

वाऱ्याची शक्यताही पूर्णपणे सोडता येत नाही. आजच्या बहुतेक बॉयलरमध्ये धूर बाहेर जाण्याचा आणि ताजी हवा आत येण्याचा मार्ग एकाच दुहेरी नळीत असतो, त्यामुळे वाऱ्याचा दाब दोन्हींवर सारखा पडतो आणि ज्योत स्थिर राहते. पण नळीचा सांधा सैल झाला असेल, टोकाची जाळी तुटली असेल किंवा ते टोक इमारतीच्या कोपऱ्यात असेल, तर धूर पुन्हा आत ओढला जाऊन ज्योत विझू शकते. हे दोन दोष वेगळे ओळखण्यासाठी प्रत्येक बिघाडाची वेळ, एरर कोड, बाहेरचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि गुडगुड ऐकू आली की नाही, एवढे वहीत लिहून ठेवा आणि पडद्याचा फोटो काढा. शांत पण गोठवणाऱ्या रात्री बॉयलर थांबला तर संशय पाइपावर जातो, आणि थंडी बेताची असून सोसाट्याच्या वाऱ्यात थांबला तर धुराच्या नळीवर. वादळात तंत्रज्ञ हजर राहू शकत नाहीत, त्यामुळे ही नोंद तुम्हीच त्यांना द्यायला हवी.

दाब स्थिर आहे ही समाधानाची बाब आहे. तो सतत उतरत असता, तर गळती किंवा प्रसरण टाकीतला (तापल्यावर फुगणारे पाणी सामावून घेणाऱ्या टाकीतला) दोष शोधावा लागला असता.

प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, पण दिवे मंद होतात याकडेही दुर्लक्ष करू नये. बॉयलर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा, पंप आणि नियंत्रक विजेवर चालतात. विजेचा दाब क्षणभर खाली गेला तरी काही यंत्रे थांबतात, म्हणून दिवे मंद झाल्याची वेळही त्याच वहीत लिहावी.

वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर बॉयलर चालवण्याचा विचार असेल, तर आधी विद्युत तंत्रज्ञांचा सल्ला घ्यावा. ज्योत पेटली आहे की नाही हे बॉयलर तिच्यातून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहावरून ओळखतो आणि तो प्रवाह अर्थिंगमार्गे परत येतो. छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल (विजेची परतीची तार) अनेकदा अर्थिंगला जोडलेला नसतो. मग ज्योत उत्तम पेटूनही बॉयलरला ती जाणवत नाही आणि तो ज्योत नसल्याचाच कोड दाखवून थांबतो. अशा वेळी इलेक्ट्रोड कितीही साफ केला तरी उपयोग होत नाही.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आज उजेडात पाहिले तेव्हा बॉयलरपासून निघालेला बारीक पांढरा पाइप उत्तरेकडच्या भिंतीवरून बरेच अंतर जवळजवळ आडवा गेलेला दिसला. त्यावर कसलेही वेष्टन नाही आणि त्याचे तोंड बर्फात बुडालेले होते. ते मोकळे केले आहे. आमच्या बॉयलरजवळच, भिंतीच्या आतल्या बाजूला सिंकचा निचरा आहे, त्याचा काही उपयोग होईल का? येत्या दिवसांत पुन्हा वादळाचा इशारा आहे आणि तंत्रज्ञ त्यानंतरच येऊ शकतील. तोवर स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी पेटवून खोली गरम करावी, असे घरातल्यांनी सुचवले आहे. मला त्याची भीती वाटते.

प्रतिसाद

तुमची भीती रास्त आहे. गॅसची शेगडी, कोळशाची शेगडी किंवा घराबाहेर वापरायचा कोणताही हीटर बंद खोलीत उबेसाठी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. डोकेदुखी, मळमळ आणि गरगरणे ही लक्षणे सर्दीतापासारखीच भासतात. घरातल्या सर्वांना ती एकाच वेळी जाणवू लागली, तर ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि आपत्कालीन मदत बोलवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ असलाच पाहिजे. जनरेटर वापरलाच, तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर ठेवा. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी गॅरेज ही त्याची जागा नव्हे.

वादळाच्या रात्रीसाठी घरातली एकच लहान, वारा कमी लागणारी खोली निवडा आणि सर्वांनी तेथेच झोपा. दाराखालच्या फटी जाड कापडाने बंद करा, संध्याकाळ होताच पडदे ओढून घ्या आणि तेल भरलेला विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा, एक्स्टेन्शन बोर्डला नव्हे. पडदे आणि अंथरूण त्यापासून १ मीटर लांब असावे. बाळावर सुटी पांघरुणे घालू नका, अंगाला बसणारे कपडे एकावर एक घाला आणि त्याला त्याच खोलीत, पण स्वतंत्र पाळण्यात झोपवा. सासूबाईंच्या बोलण्यात जडपणा आला, त्या गोंधळल्यासारख्या वागू लागल्या किंवा थंडी असूनही त्यांचे कुडकुडणे थांबले, तर ते गंभीर समजा. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की तातडीने वैद्यकीय मदत लागते.

पाण्याच्या नळांचीही काळजी घ्या. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि बर्फाची गाठ व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो. म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवा आणि मुख्य कॉक कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

आता तुमच्या सिंकबद्दल. बॉयलरचा पाइप घराच्या आतूनच सिंकच्या निचऱ्याला जोडता आला, तर तो सर्वांत चांगला उपाय आहे, कारण मग गोठायला बाहेर काही उरतच नाही. हे काम तंत्रज्ञांकडूनच करून घ्या, कारण चुकीच्या जोडणीमुळे निचऱ्याची दुर्गंधी किंवा बॉयलरमधला धूर घरात येऊ शकतो. ते शक्य नसेल, तर बाहेरचा भाग शक्य तितका कमी लांबीचा, निदान ३२ मिलिमीटर व्यासाचा, पुरेशा उताराचा आणि पाण्याने न भिजणाऱ्या वेष्टनाने झाकलेला असावा. बॉयलरमधला सापळा (धूर अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा भाग) पाणी थेंबाथेंबाने सोडणारा आहे की साठवून एकदम सोडणारा, हेही त्यांना विचारा. एकदम सोडलेले पाणी पाइपात रेंगाळत नाही आणि सहसा गोठत नाही. तोपर्यंत पाइपाचे तोंड बर्फातून मोकळे ठेवा, त्यावर फोमचे वेष्टन चढवा आणि वादळ सुरू होण्याआधीच बाहेरचे काम उरकून घ्या.