शॉक कडक झालाय? आधी खालचा बोल्ट काढा

जीपचे शॉक (धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर) दगडासारखे झालेत म्हणून लगेच नवे टाकणं घाईचं होईल. खालचा बोल्ट काढून दांडा हाताने दाबा. न अडकता, सावकाश आत गेला तर दोष बहुधा बुशांत (जोडावरच्या रबरी नळ्यांत) नाहीतर स्प्रिंगच्या पाट्यांत. आपली काळी माती पाट्यांच्या फटीत वाळली की सिमेंटच! भिजवून ब्रशने काढा. प्रेशरचं पाणी शॉकच्या सीलवर नको. रबरी बुशाला ग्रीस लावू नका, सिलिकॉन स्प्रे चालतो. बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावरच घट्ट कसा. लटकत्या स्थितीत कसले तर रबर पिळलेलं राहतं, गाडी कडक लागते आणि बुश लवकर फाटतं. शॉकवर कडकपणा बदलायचा नॉब असेल तर पूर्ण मऊवरून दोन-दोन क्लिक वाढवत जा, दोन्ही बाजूंना सारखे. दांड्यावर तेल ओघळलं असेल तर शॉक बदलाच. गॅसचा शॉक घरी उघडायचा नाही.